रॉडला इन्फेक्शन झालंय, चुंबकाने औषध तिथपर्यंत नेता येतं का?

अमळनेर तालुक्यातल्या एका भाऊंचा प्रश्न आहे. त्यांचे मोठे भाऊ वर्षभरापूर्वी मोटरसायकलवरून पडले, नडगीचं हाड मोडलं, रॉड टाकला. चालायला लागले, शेतात जायला लागले, आणि मग काही महिन्यांपूर्वी नडगीवर एक छोटं भोक पडलं. त्यातून पू येतो. गोळ्यांचा कोर्स घेतला की सुकतं, कोर्स संपला की पंधरा दिवसात परत चालू. डॉक्टर म्हणतात रॉड काढून आतून साफ करावं लागेल. यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला, त्यात लोखंडाचे नॅनो कण औषध पाठीवर घेऊन चुंबकाच्या ओढीने थेट इम्प्लांटपाशी, म्हणजे शरीरात बसवलेल्या धातूपाशी, जातात आणि जंतू मारतात असं दाखवलंय. तर हे मुंबई-पुण्यात कुठे होतं का, आणि ते होईपर्यंत रॉड तसाच राहू दिला तर चालेल का, असं विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते घाईचं आहे. नाही, थांबू नका. आणि पहिल्याचं उत्तर असं की इम्प्लांटच्या इन्फेक्शनसाठी हा मंजूर उपचार म्हणून आज जगात कुठेच मिळत नाही, मुंबईत नाही, जर्मनीतही नाही. कुणी पैसे घेऊन करून देतो म्हणाला तर चहा पिऊन उठून या. पण आयडिया फालतू नाहीये बरं का, चांगल्या लोकांनी त्यावर मेहनत घेतलीय. म्हणून "असं काही नसतं" म्हणून झटकून टाकत नाही, नीट सांगतो की ती अडते कुठे आणि पुढे तिचा उपयोग कुठे होऊ शकतो. मी हाडांचा सर्जन आहे, लॅबवाला नाही, पण पू येणारे रॉड आणि प्लेटी काढणं हा आमच्या खान्देशातल्या प्रॅक्टिसचा मोठा हिस्सा आहे. हायवे, दुचाकी, वर आधी हाडवैदाकडे पट्टी बांधून मग आमच्याकडे येणं, हे सगळं तुम्हाला माहितीच आहे.

आधी हे समजून घ्या की गोळ्यांनी का जात नाही. लोकांना वाटतं औषध तिथपर्यंत पोचतच नाही म्हणून जात नाही, आणि मग चुंबकाची आयडिया एकदम पटते. ते अर्धंच खरं आहे. धातूच्या पृष्ठभागावर जंतू बसले की ते स्वतःभोवती एक चिकट थर बनवतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. आपल्याकडे ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे समजावायला मला एक मिनिट लागत नाही, लॅटरल नळीच्या आत जो बुळबुळीत शेवाळासारखा थर धरतो तो याच जातीचा. तिथे पण नुसतं क्लोरीन सोडून भागत नाही, एण्ड कॅप उघडून जोरात फ्लश करावं लागतं, नाहीतर आठ दिवसात ड्रिपर परत बंद. रॉडवरच्या थरातले जंतू सुटे जंतू ज्या डोसला मरतात त्याच्या शेकडो पट, कधीकधी हजार पट डोस सहन करतात. कारण थर औषध अडवतो हे एक, पण त्याहून मोठं म्हणजे आतले बरेच जंतू झोपलेले असतात. वाढत नाहीत, भिंत बांधत नाहीत, आणि आपली बहुतेक अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूलाच मारतात. झोपलेल्याच्या उशाशी औषध नेऊन ठेवलं तरी तो ते घेतच नाही ना.

बाहेरची वस्तू नुसती आत असली तरी किती फरक पडतो याचा एक जुना प्रयोग आहे, १९५७ सालचा, एलेक आणि कोनेन या दोघांनी इंग्लंडमध्ये चक्क माणसांवर, स्वयंसेवकांवर केलेला. कातडीत स्टॅफिलोकॉकस जंतू टोचले तर पू व्हायला दहा लाखांच्या वर जंतू लागत होते, पण तिथेच रेशमाचा एक टाका घातला तर काही शे पुरायला लागले. एक टाका! तुमच्या भावाच्या पायात हातभर लांब धातूचा दांडा आहे.

शिवाय जंतू फक्त रॉडवर नसतात. रॉडभोवतीचं काही हाड रक्तपुरवठा तुटून मेलेलं असतं, त्या मेलेल्या तुकड्यात ते राहतात, आणि हाडाच्या आत ज्या केसापेक्षा कितीतरी बारीक नळ्या असतात त्यांच्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस शिरून बसतो असंही मायक्रोस्कोपखाली दिसलंय. म्हणजे समजा जादू झाली आणि रॉड शंभर टक्के निर्जंतुक झाला, तरी मेलेलं हाड तिथेच आहे. इथे चुंबकाच्या गोष्टीला पहिली मोठी अडचण आहे आणि व्हिडिओवाले हे कधीच सांगत नाहीत.

आता ते कण. हे आयर्न ऑक्साईडचे असतात, मॅग्नेटाईट किंवा मॅगहेमाईट, गाभा साधारण १० ते २० नॅनोमीटरचा. एवढे लहान केले की त्यांचा एक मजेदार गुण येतो, चुंबक जवळ असेपर्यंत ते चुंबकासारखे वागतात आणि चुंबक काढला की सगळं विसरून जातात. हे फार महत्त्वाचं आहे, नाहीतर चुंबक काढल्यावरही ते एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या असत्या आणि फुफ्फुसात जाऊन अडकल्या असत्या. त्यांच्यावर डेक्स्ट्रान, सिलिका नाहीतर पॉलिमरचं आवरण देतात आणि त्या आवरणात किंवा त्याच्या भोकांमध्ये औषध भरतात. असे आयर्न ऑक्साईडचे कण माणसाला देणं काही नवीन नाही, फेरुमॉक्सिटॉल नावाचं इंजेक्शन अमेरिकेत २००९ पासून किडनीच्या पेशंटच्या रक्तक्षयासाठी मंजूर आहे, एका वेळी ५१० मिलिग्रॅम लोह देतात. म्हणजे कण स्वतः विषारी आहेत हा मुद्दा नाही. मुद्दा आहे त्यांना ओढून नेण्याचा.

चुंबकाची ओढ चुंबक किती "पॉवरफुल" आहे यावर नाही चालत, चुंबकीय क्षेत्र जागोजागी किती पटकन बदलतं यावर चालते. म्हणून एमआरआयच्या मशीनमध्ये दीड टेस्लाचं जबरदस्त क्षेत्र असूनही बरोबर मधोमध ओढ जवळजवळ नसते, दाराशी जास्त असते, स्ट्रेचर खेचलं जातं ते दाराशी. आणि लहान चुंबकापासून लांब गेलं की ही ओढ भयंकर वेगाने कमी होते, अंतर दुप्पट झालं तर ओढ सोळाव्या भागावर येते. टेबलावर बशीत ठेवलेल्या, असे कण मिसळलेल्या काळ्या पाण्यात निओडिमियमचा चुंबक धरला की काटे उभे राहतात, भारी दिसतं, व्हिडिओ तोच असतो. तोच चुंबक चार बोटं लांब न्या, पाणी सपाट. मांडीच्या हाडातला रॉड चांगल्या अंगाच्या माणसात कातडीपासून त्याहून खोल असतो.

त्यात कण जितका लहान तितकी ओढ कमी, आणि ती साधी कमी नाही. ओढ कणाच्या आकारमानावर चालते, म्हणजे व्यास निम्मा केला तर ओढ आठवा भाग, पण रक्ताचा विरोध मात्र फक्त निम्मा होतो. म्हणजे बायोफिल्ममध्ये शिरायला कण लहान पाहिजे आणि चुंबकाने ओढायला मोठा पाहिजे. हे भांडण आजही मिटलेलं नाही. अजून एक गंमत, बाहेर ठेवलेल्या स्थिर चुंबकाने शरीराच्या आत खोलवर एखादा "ओढीचा बिंदू" तयार करताच येत नाही, हा भौतिकशास्त्राचा नियमच आहे. ओढ कायम चुंबकाकडे, म्हणजे कातडीकडे. म्हणून तुम्ही कण रॉडकडे बोलावताय असं वाटतं आणि ते जमतात रॉड आणि चुंबक यांच्या मधल्या कातडीखाली.

मग दुसरा रस्ता निघाला आणि तो मला जास्त हुशारीचा वाटतो. इम्प्लांटच चुंबकीय करा. बाहेरून एकसारखं क्षेत्र लावलं की इम्प्लांट स्वतः चुंबक होईल आणि त्याच्या कडेला लागूनच ओढ तयार होईल, जिथे पाहिजे तिथेच. फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी २००५ मध्ये रक्तवाहिनीत टाकायच्या स्टीलच्या स्टेंटवर हे करून दाखवलं. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या गटाने हाडाच्या इम्प्लांटच्या इन्फेक्शनसाठी हीच दिशा धरली, चुंबकीय स्टीलचं इम्प्लांट, सिलिकाचे सच्छिद्र चुंबकीय कण, त्यात एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक, आणि उंदरांवर प्रयोग. काम प्रामाणिक आहे, आणि त्यातून अडचणीही स्पष्ट दिसतात.

कारण आपल्याकडे हाडात जे टाकतात ते चुंबकीय नसतंच. रॉड-प्लेट एक तर ३१६एल स्टेनलेस स्टीलची असते नाहीतर टायटॅनियमची. घरी खात्री करायची असेल तर काढलेला रॉड कुणाकडे असेल, बरेच लोक आठवण म्हणून ठेवतात, त्याला फ्रीजवरचा चुंबक लावून बघा, चिकटणार नाही. हे धातू गंजू नये म्हणून निवडलेले आहेत, आणि चुंबकीय नसल्यामुळे एमआरआयही करता येतो. उद्या आम्ही चुंबकाला चिकटणारे रॉड टाकायला लागलो तर त्या माणसाचा एमआरआय आयुष्यभरासाठी अडचणीत. पन्नाशीत कंबरेची नस दबली, साठीत लकवा मारला, आणि एमआरआयवाला म्हणतो आत चुंबकीय लोखंड आहे, मी घेणार नाही. शंभर रॉडमागे ज्या थोड्यांना इन्फेक्शन होईल त्यांच्यासाठी शंभरही जणांचा एमआरआय घालवायचा, हा व्यवहार मला नाही पटत. आणि तुमच्या भावाचा रॉड तर आधीच आत आहे, तो आता चुंबकीय होणार नाही.

शिरेतून कण दिले तर अजून एक घोटाळा. यकृत आणि प्लीहा यांच्यात बसलेल्या पेशींचं कामच हे, रक्तात कचरा दिसला की गिळा. काही मिनिटांत बराचसा माल तिकडे जातो. १९९६ मध्ये बर्लिनमध्ये १४ कॅन्सर पेशंटवर चुंबकाने औषध नेण्याचा पहिला मानवी प्रयोग झाला होता, गाठ वरवर असलेल्या पेशंटमध्ये एपिरुबिसिन हे औषध कणांवर बसवून. सुरक्षित ठरलं, काही जणांत कण गाठीत पोचलेही, पण मोठा वाटा यकृतानेच घेतला. आणि ती तर कॅन्सरची गाठ होती जिथे रक्त भरपूर असतं. आपल्याकडे जिथे जंतू बसलेत त्या मेलेल्या हाडात रक्तच जात नाही, मग रक्तातून येणारा कण तिथे येणार कसा? चुंबक नदीत ओढू शकेल, कोरड्या पाटात नाही.

थोडा हिशोबही करू, कारण हिशोब केल्याशिवाय मला कुठलंच नवीन तंत्र पटत नाही. समजा १०० मिलिग्रॅम कण दिले, त्यात वजनाच्या दहा टक्के औषध, म्हणजे १० मिलिग्रॅम. त्यातले ५ टक्के रॉडपाशी पोचले असं उदारपणे धरू, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. नडगीचा रॉड साधारण ३४ सेंटिमीटर लांब, १० मिलिमीटर जाड, बाहेरचं क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटरच्या थोडं वर. त्याच्याभोवती एक मिलिमीटरचा थर धरला तर दहा मिलिलिटर झाले. अर्धा मिलिग्रॅम दहा मिलिलिटरमध्ये, म्हणजे मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम. सुट्या स्टॅफिलोकॉकसला व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक एक-दोन मायक्रोग्रॅम पुरतं, त्या मानाने ५० म्हणजे झकास, पण बायोफिल्मला शेकडो पट लागतं ना, आणि ते काही तास नाही, आठवडे टिकलं पाहिजे. याच्या उलट आम्ही हाडात भरायला जे सिमेंट वापरतो त्याच्या एका ४० ग्रॅमच्या पाकिटात २ ते ४ ग्रॅम व्हॅन्कोमायसिन मिसळतो. ग्रॅम, मिलिग्रॅम नाही. त्यातलं बरंचसं सिमेंटमध्येच अडकून राहतं हे खरं, पण जे बाहेर येतं तेही या कणांच्या मानाने ढीगभर, आणि जंतूंच्या अगदी अंगाला लागून. कण रक्तातून न देता सुईने जागेवरच सोडले तर हिशोब सुधारतो, पण मग सुई घालायची तर नुसतं औषधच का नको घालायला, असा प्रश्न येतोच.

आणि हो, लोह हे स्टॅफिलोकॉकसचं खाणं आहे. इन्फेक्शन झालं की शरीर रक्तातलं लोह मुद्दाम लपवून ठेवतं, म्हणून तर जुन्या पू वाल्या पेशंटचं हिमोग्लोबिन उतरलेलं असतं. चालू इन्फेक्शनमध्ये शिरेतून लोहाचं इंजेक्शन आम्ही शक्यतो टाळतो. आवरण घातलेल्या कणातलं लोह लगेच सुटं होत नाही हे मान्य, पण जंतूंच्या घरात लोहाचा साठा नेऊन ठेवताना मला तरी दोनदा विचार करावासा वाटेल.

आता एवढं वाचून तुम्ही म्हणाल मग डॉक्टरसाहेब हे सगळं बोगसच. नाही. चुंबकाचा उपयोग औषध वाहून नेणारा हमाल म्हणून कमी आणि थर फोडणारा मजूर म्हणून जास्त होईल असं मला वाटतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की चुंबकीय कण बायोफिल्ममधून इकडून तिकडे ओढले तर त्यात बोगदे पडतात, आणि मग तेच जेंटामायसिन अँटिबायोटिक, तोच डोस, जास्त जंतू मारतो. यात कणांवर औषध असायची गरजच नाही! पेनसिल्व्हेनियात दातांवरच्या थरासाठी आयर्न ऑक्साईड आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साईड वापरतात, कण पेरॉक्साईडला चेतवतात आणि थर जळतो, दातात ते सोपं कारण तिथे सगळं उघड्यावर आहे. तिसरी दिशा मला सगळ्यात जवळची वाटते, ती म्हणजे कण बिण काही नाही, बाहेरून उलटसुलट बदलणारं चुंबकीय क्षेत्र लावून खुद्द धातूचा पृष्ठभागच क्षणभर गरम करायचा. डॅलसच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये यावर पेपर लिहिला. यात स्टील चुंबकीय असायची अट नाही, इंडक्शनच्या शेगडीसारखं, पण बेताने. कारण हाड ४७ डिग्रीवर एक मिनिट राहिलं तरी दुखावतं हे १९८३ पासून माहिती आहे, त्यामुळे धातू सेकंदभर तापला पाहिजे आणि हाड नाही. उष्णतेने थर ढिला होतो, झोपलेले जंतू हलतात, मग अँटिबायोटिक लागू पडतं. गुडघा बदललेल्या पेशंटला, ज्याचं इन्फेक्शन ताजं आहे आणि सांधा काढायचा नाहीये, त्याच्यात साफसफाई करून वर हे दिलं तर उद्या खरंच कामाचं ठरेल. पण वाक्य नीट वाचा, साफसफाई करून.

तर आज काय करतात ते सांगतो, कारण तुमच्या भावाला आजचंच लागणार आहे.

पहिला प्रश्न डॉक्टरांना विचारा, हाड जुळलंय का? वर्ष झालंय आणि ते शेतात चालतायत म्हणजे बहुतेक जुळलं असावं, पण एक्स-रेवर आणि गरज पडली तर सीटी स्कॅनवर खात्री करून घ्या. जुळलं असेल तर रॉडचं काम संपलेलं आहे, तो आता फक्त जंतूंचं घर आहे. काढायचा, आतली पोकळी रीमरने खरवडून धुवायची, मेलेलं हाड आणि ती पू ची वाट काढून टाकायची, विषय बराचसा संपतो. "रॉड काढना पडी का" असं विचारताना लोकांचा चेहरा असा होतो जणू पायच काढायचाय. जुळलेल्या हाडातून रॉड काढणं हे टाकण्यापेक्षा सोपं ऑपरेशन असतं बहुतेक वेळा.

जुळलं नसेल तर जरा लांबचा रस्ता. रॉड काढून, साफ करून, त्या पोकळीत तात्पुरता अँटिबायोटिक सिमेंटचा रॉड घालतात, आणि हा रॉड आम्ही ऑपरेशन थिएटरमध्येच हाताने बनवतो. छातीत टाकायची प्लास्टिकची नळी घ्यायची, आतून लिक्विड पॅराफिन फिरवायचं, सिमेंटच्या पावडरीत व्हॅन्कोमायसिनची पावडर चमच्याने कालवायची, पातळ असतानाच नळीत दाबून भरायचं आणि मधोमध एक बारीक रॉड किंवा जाड तार सरळ घालायची. मग थांबायचं. हातात नळी गरम होत जाते, चांगलीच चटका बसेल इतकी, आणि म्हणूनच उष्णतेला टिकणारीच औषधं यात चालतात, व्हॅन्कोमायसिन, जेंटामायसिन वगैरे. घट्ट झालं की ब्लेडने नळी उभी चिरून सोलून काढायची, आत गुळगुळीत पांढरा रॉड तयार. कुठे फुगीर राहिला तर तो घासावा लागतो, नाहीतर आत जाताना अडकतो. सिमेंटमध्ये अँटिबायोटिक घालायची ही पद्धत हॅम्बुर्गच्या बुखहोल्झ यांनी १९७० मध्ये आणली. दिसायला मिस्त्रीकाम आहे, नॅनो बिनो काही नाही, पण औषध जागेवर पोचवायचा हाच आजचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे.

काढलेला रॉड हातात घेतला तर बऱ्याचदा लोकांना दाखवायला सुद्धा काही नसतं. पू ने बरबटलेला असेल असं वाटतं, पण कधीकधी तो फक्त किंचित बुळबुळीत, मळकट, स्क्रूच्या भोकांपाशी राखाडी साय धरल्यासारखा असतो. तीच ती साय.

ऑपरेशनच्या वेळी आतले पाच-सहा वेगवेगळे तुकडे कल्चरला, म्हणजे जंतू कोणता आणि त्याला कुठलं औषध चालेल हे बघायच्या तपासणीला, गेले पाहिजेत. भोकाच्या तोंडावरून बोळा फिरवून पाठवलेलं कल्चर धरू नका, तिथे कातडीवरचे भलतेच जंतू असतात आणि मग भलत्याच गोळ्या चालू होतात. आणि कल्चरच्या आधी, पेशंटला ताप-थंडी वाजत नसेल तर, साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवावी लागतात. मेडिकलमधून स्वतःच घेतलेली पाच गोळ्यांची पट्टी इथे सगळा घात करते, जंतू अर्धमेला होतो, कल्चर निगेटिव्ह येतं आणि आम्ही अंधारात बाण मारत बसतो. सोबत टीबीची तपासणी, सीबीनॅट, पाठवायला सांगा. आपल्या भागात ती वगळणं परवडत नाही.

ऑपरेशननंतरची औषधं. लोकांना वाटतं शिरेतून म्हणजे भारी आणि गोळी म्हणजे हलकी. इंग्लंडमध्ये हजारावर हाड-सांध्यांच्या इन्फेक्शनच्या पेशंटवर ओविवा नावाची ट्रायल झाली, २०१९ ला छापली, पहिल्या सहा आठवड्यात योग्य गोळ्या शिरेतल्या औषधांपेक्षा कमी पडल्या नाहीत. म्हणजे कल्चरप्रमाणे गोळी असेल तर महिनाभर सलाईन लावून खाटेवर पडायची गरज नाही, कापसाच्या वेचणीच्या दिवसांत ही मोठी गोष्ट आहे. इम्प्लांट आतच ठेवायची वेळ आली तर, म्हणजे इन्फेक्शन अगदी ताजं असताना, स्टॅफिलोकॉकसवर रिफॅम्पिसिन हे एक औषध बायोफिल्ममध्ये खरंच काम करतं. १९९८ च्या स्वित्झर्लंडच्या ट्रायलमध्ये उपचार पूर्ण केलेल्यांपैकी रिफॅम्पिसिन जोडलेले १२ पैकी १२ बरे झाले, न जोडलेले १२ पैकी ७. आकडा लहान आहे, पण त्यावरच आजही प्रॅक्टिस उभी आहे. मात्र हे कधीच एकटं घ्यायचं नाही, जंतू पटकन त्याला दाद देईनासे होतात, आणि ते टीबीचं मुख्य औषध आहे त्यामुळे कुणी सहज लिहून दिलं तर विचारा का दिलं.

भोक वर्षानुवर्षं वाहतं ठेवू नका अजून एका कारणासाठी, असं जुनं वाहतं भोक फार वर्षांनी कातडीच्या कॅन्सरमध्ये बदलू शकतं. क्वचित होतं, पण "थोडंच तर पाणी येतंय" म्हणत दहा-पंधरा वर्षं फडकं बांधून फिरणारे लोक आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात सापडतील.

तुमच्या भावासाठी कामाचं एवढं. शुगर तपासा, तीन महिन्यांची सरासरी वाली. तंबाखू, गुटखा, बिडी ऑपरेशनच्या आधीपासून बंद, हाड आणि कातडी दोन्ही त्यावर अडतात, आणि याबद्दल मी पेशंटशी भांडतो. पहिल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि जुने सगळे एक्स-रे क्रमाने न्या. रॉडच्या कंपनीचं स्टिकर कार्डावर लावलेलं असतं ते फार महत्त्वाचं, कारण प्रत्येक कंपनीचं रॉड काढायचं हत्यार वेगळं, आणि ते आधी मागवलं नाही तर ऑपरेशन टेबलावर तास वाया जातो. जनआरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला ॲडमिट होण्याआधी विचारा, नंतर नाही. धुळे-जळगावात हे काम होतं, त्यासाठी मुंबई गाठायलाच पाहिजे असं नाही, फक्त डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा, हाड जुळलं नसेल तर पुढचा प्लॅन काय, आणि कातडी कमी पडली तर प्लॅस्टिक सर्जन येतात का. नडगीवर मांस नसतं, कातडीखाली लगेच हाड, त्यामुळे साफ केल्यावर जागा झाकायला कधीकधी पोटरीचा स्नायू फिरवून आणावा लागतो. रिफॅम्पिसिन चालू झालं तर लघवी नारिंगी होईल, ते रक्त नाही, गोळी बंद करू नका. पण डोळे पिवळे वाटले किंवा जेवण जाईना तर त्याच दिवशी दाखवा.